दहा मिनिटांतील निश्चय

इंग्लंडच्या दक्षिणेस विल्टशर परगण्यात सॅलिस्बरी हे एक पुरातन नगर आहे. तेथील प्रार्थनामंदिराचे उंच शिखर आसमंतातील टेकड्यांवरून दुरून दृष्टीस पडते. या नगरात विल्यम फॉसेट नावाचे एक कापडाचे व्यापारी राहत असत. ते उत्तरेकडून येथे आले आणि स्वतःच्या कष्टाने व सचोटीने नावारूपास चढले. त्यांचा आवाज खणखणीत होता. 1815 साली वॉटर्लूच्या लढाईचे वर्तमान सॅलिस्बरीस येऊन पोहोचले, तेव्हा बाजारचौकात जमलेल्या लोकांना ते वाचून दाखविण्याचे काम याच तरुणाकडे आले होते. पुढे ते नगराचे मेयरही झाले. याच गृहस्थांच्या घरी 26 ऑगस्ट 1833 रोजी हेन्रीचा जन्म झाला. पित्याचा आवाज त्याने पुरेपूर उचलला होता आणि त्या आवाजाचा त्याला पुढे फार उपयोग व्हावयाचा होता.

हेन्री लहानपणी अभ्यासात फारसा चमकला नाही. रानात भटकणे, नदीवर गळ टाकून मासे धरणे, बाजारात शेतकऱ्यांच्या गप्पा ऐकणे यांत त्याचे मन अधिक रमे. मात्र आपण एक दिवस पार्लमेंटात जाणार, ही आकांक्षा त्याने शाळकरी वयातच मनाशी धरली होती. सोबती त्यावर हसत, पण त्याला त्याचे काही वाटत नसे. 1852 साली तो केंब्रिजला गेला आणि 1856 साली तेथील गणिताच्या अवघड परीक्षेत सातवा आला. त्या परीक्षेत वरच्या श्रेणीत येणाऱ्यास रँग्लर म्हणतात. पुढे 1899 साली पहिला क्रमांक मिळविणाऱ्या रघुनाथराव परांजपे यांच्यामुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघर माहीत झाला. हेन्रीला त्याच वर्षी ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयाची फेलोशिप मिळाली. आता बॅरिस्टर व्हावे, वकिलीत पैसा मिळवावा आणि मग निश्चिंतपणे राजकारणात शिरावे, असा त्याचा बेत होता. सहा फुटांहून अधिक उंची, भक्कम बांधा, मोकळे हास्य आणि मित्रांचा मोठा परिवार हे सारे त्याच्यापाशी होते. डोळे मात्र थोडे नाजूक होते. त्यांवर उपचार करण्यासाठी तो काही काळ पॅरिसलाही जाऊन राहिला होता.

17 सप्टेंबर 1858 रोजी, वयाची पंचविशी नुकतीच ओलांडलेला हेन्री पित्याबरोबर सॅलिस्बरीजवळील हार्नहॅम टेकडीवर तितरांच्या शिकारीस गेला. शरद ऋतूतील स्वच्छ दिवस होता. खाली पसरलेली रानझाडी पिवळ्या-तांबूस रंगांनी खुलली होती. ते दृश्य डोळे भरून पाहून हेन्री काही पावले पुढे सरकला. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. इतक्यात एक तितर भुर्रकन उडाले. मुलगा पुढे गेला आहे हे वडिलांच्या ध्यानात आले नाही, आणि त्यांनी बंदूक झाडली. काही छर्रे हेन्रीच्या छातीवर आदळले, पण जाड कोटामुळे तेथे मोठी इजा झाली नाही. दोन छर्रे मात्र थेट तोंडावर आले. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून हेन्रीने रंगीत काचांचा चष्मा लावला होता. त्याच्या दोन्ही काचांना वाटोळी भोके पाडून ते छर्रे डोळ्यांत शिरले. एका क्षणात त्याची दृष्टी गेली.

क्षणापूर्वी पाहिलेले ते रान आपण आता पुन्हा कधीही पाहणार नाही, हा विचार त्याच्या मनात प्रथम आला. परंतु त्या विचाराच्या पाठोपाठ दुसराही एक विचार आला. आयुष्याचा जो मार्ग आपण आखला आहे, तो शक्य तोवर सोडावयाचा नाही, असे त्याने तेथेच ठरविले. अपघात घडल्यापासून दहा मिनिटांच्या आत आपला हा निश्चय झाला होता, असे तो पुढे सांगत असे. त्याला घरी आणले, तेव्हा सारे घर हवालदिल झाले होते. हेन्रीने मात्र आपली बहीण मराया हिला जवळ बोलाविले आणि वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास सांगितले. घायाळ माणसाची ती मागणी ऐकून घरच्या मंडळींना काय वाटले असेल! पण त्या घरातील विस्कटलेली घडी पुन्हा बसण्यास त्या एका मागणीपासूनच आरंभ झाला. रडत बसण्यापेक्षा करण्याजोगे काहीतरी काम प्रत्येकाच्या वाट्यास आले.

निश्चय दहा मिनिटांत होऊ शकतो, पण तो पाळावयास महिने आणि वर्षे लागतात. पुढील आठवडे हेन्रीला अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. प्रारंभी उजेडाची अंधुक जाणीव राहिली होती, पुढील वर्षी तीही मावळली. शस्त्रक्रियेचाही काही उपयोग झाला नाही. सहानुभूतीची पत्रे ढिगाने येत होती. दैवापुढे मान तुकवावी, जे नशिबी आले ते शांतपणे सोसावे, असाच बहुतेकांचा सूर असे. ती पत्रे ऐकून हेन्रीचे मन उलट अधिकच खचे. लोकांच्या दृष्टीने आपले आयुष्य संपले आहे, हेच त्यांतून त्याला ऐकू येई. अशा वेळी विल्यम हॉपकिन्स या त्याच्या गणिताच्या गुरूंचे पत्र आले. त्यांनी सांत्वनाचे शब्द फार खर्च केले नव्हते. डोळ्यांवाचून कोणते अभ्यास करता येतील, बुद्धीचा व्यवसाय कसा चालू ठेवता येईल, याचा विचार त्यांनी शिष्यापुढे मांडला होता. या पत्राने हेन्रीला खरा धीर आला.

त्या घरात सर्वांत कठीण अवस्था होती ती पित्याची. ज्या मुलावर त्यांचे सारे मनोरथ होते, त्याच मुलाला त्यांच्या हातून ही इजा झाली होती. हेन्रीच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघत नसे. मुलगा थोडा जरी कुरकुरला असता, तरी आपले दुःख काहीसे हलके झाले असते, असे त्या पित्याला वाटे. हेन्रीला हे कळत होते. आपण उदास बसलो तर वडिलांचे मन दुभंगेल, हे जाणून तो घरात हसत-बोलत राही, मोठमोठ्याने विनोद करी. त्याची प्रसन्नता सगळीच स्वयंस्फूर्त होती असे मानणे बरोबर होणार नाही. आरंभी ती त्याने प्रयत्नाने अंगी बाणविली. पुढे तोच त्याचा स्वभाव झाला. पितापुत्रांचे प्रेम या अपघाताने रतिभरही उणे झाले नाही. घरापासून दूर असताना हेन्री आई-वडिलांना नियमितपणे पत्रे लिहवून पाठवी.

अंधत्वाशी त्याने जी रीत धरली, ती अगदी साधी होती. पूर्वी जे जे करीत होतो ते ते करीत राहावयाचे, एवढेच. चालण्याची त्याला आवड होती, म्हणून तो मित्रांच्या सोबतीने कोसच्या कोस चालू लागला. सॅलिस्बरीच्या परिसरातील नद्यांवर तो पुन्हा गळ घेऊन उभा राहिला. त्याने घोड्यावर बसणे सोडले नाही आणि केंब्रिजच्या नदीवर मित्रांबरोबर वल्ही मारणेही सोडले नाही. हिवाळ्यात पाणी गोठले म्हणजे पायांना पोलादी पात्यांचे जोडे बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ तिकडे खेळतात. हाही खेळ तो निर्भयपणे खेळे. केंब्रिजपासून ईली गावापर्यंत तो असा बर्फावरून गेला होता. पत्त्यांवर खुणा करून घेऊन तो पत्तेही खेळू लागला. बोटांनी वाचावयाची लिपी मात्र त्याने चिकाटीने आत्मसात केली नाही. त्यापेक्षा दुसऱ्याकडून वाचवून घेणे आणि ऐकलेले लक्षात ठेवणे त्याला सोपे वाटे. आंधळ्यांना वेगळे काढून एका आवारात कोंडू नये, त्यांना चारचौघांत, घरच्या माणसांत वावरू द्यावे, असे त्याचे ठाम मत होते.

वकिलीचा विचार सोडून फॉसेट केंब्रिजला परतले. अर्थशास्त्र हा त्यांनी आपला विषय केला. ग्रंथ वाचवून घ्यावेत, मनात त्यांची जुळणी करावी आणि लेखनिकास सांगून लिहवून घ्यावे, अशा रीतीने त्यांनी अर्थशास्त्रावरील आपला ग्रंथ तयार केला. तो 1863 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी केंब्रिजमधील अर्थशास्त्राच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. आंधळा माणूस वर्गात शिस्त कशी राखणार, अशी शंका काहींनी काढली, तरीही निवड फॉसेट यांचीच झाली. मरेपर्यंत ते या पदावर होते.

पार्लमेंटाचा मार्ग इतका सरळ नव्हता. 1860 साली लंडनमधील सदर्क येथे, 1863 साली केंब्रिजमध्ये आणि 1864 साली ब्रायटन येथे, असे तीनदा ते प्रयत्न करून मागे हटले. जवळ पैसा नव्हता, पाठीशी मोठे घराणे नव्हते, आणि त्यात अंधत्व. सभागृहात बोलू इच्छिणाऱ्याने सभापतींची नजर वेधावयाची असते, ते आंधळ्याला कसे साधणार, असेही लोक विचारीत. 1865 साली ब्रायटनच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले आणि शाळकरी वयातील ती आकांक्षा पुरी झाली. अपघाताला तेव्हा सात वर्षे होत आली होती.

त्याच वर्षीच्या वसंतात अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली. ही वार्ता लंडनला पोहोचली, तेव्हा एका स्नेह्याच्या घरी जमलेल्या मंडळींत एक तरुणी लिंकन यांच्याविषयी कळवळून बोलत होती. फॉसेट यांच्या कानी तो आवाज पडला आणि त्यांनी तिची ओळख करून देण्याची विनंती केली. ती होती मिलिसेंट गॅरेट. तिचे वय अठराच्या आतबाहेर होते. गॅरेट घराणे मोठे आणि कर्तबगार होते. मिलिसेंटची थोरली बहीण एलिझाबेथ ही इंग्लंडमध्ये वैद्यकीचा व्यवसाय करण्याचा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक होय. चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या अंध पुरुषाशी बहिणीने लग्न करावे, हे आरंभी एलिझाबेथलाही रुचले नाही. मिलिसेंटचा विचार मात्र ढळला नाही. 23 एप्रिल 1867 रोजी त्यांचा विवाह झाला आणि 4 एप्रिल 1868 रोजी त्यांची एकुलती एक कन्या फिलिपा हिचा जन्म झाला.

हा संसार मोठ्या धांदलीचा होता. पार्लमेंट चालू असे तेव्हा बिऱ्हाड लंडनला आणि व्याख्यानांचे दिवस आले की केंब्रिजला, अशी वर्षभर ये-जा चाले. मिळकत बेताची असल्याने दोन्हीकडचा खर्च जपून करावा लागे. मिलिसेंट पतीला सरकारी अहवाल, वर्तमानपत्रे, पत्रे वाचून दाखवीत आणि त्यांचे म्हणणे उतरून घेत. लेखनिकाची मदत असे, तरी पुष्कळसा भार त्यांच्यावरच होता. या वाचनातून त्यांचेही शिक्षण झाले. 1870 साली त्यांनी नवशिक्यांसाठी अर्थशास्त्राचे एक सुबोध पुस्तक लिहिले. पत्नी केवळ आपले डोळे होऊन राहावी, असे फॉसेट यांना कधी वाटले नाही. त्यांनी तिला स्वतःचे लेखन करण्यास आणि सभांतून बोलण्यास उत्तेजन दिले. स्त्रियांना मताचा अधिकार असावा, या मताचे ते प्रथमपासून होते. स्त्रियांना केंब्रिजचे शिक्षण मिळावे म्हणून जी पहिली बैठक झाली, ती फॉसेट यांच्याच दिवाणखान्यात. त्यातून पुढे न्यूनहॅम महाविद्यालय उदयास आले. लहानगी फिलिपा या साऱ्या गडबडीत वाढली. ती थोडी मोठी झाल्यावर बापलेक बर्फावर खेळावयास जात. मुलगी पुढे शीळ घालीत जाई आणि त्या शिळेच्या रोखाने तिचे उंचनिंच वडील मागून वेगाने येत.

भारतीयांना फॉसेट यांचे नाव आदरणीय वाटण्याचे कारण वेगळे आहे. 1867 साली तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनमध्ये एक थाटाचा नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. इंग्लंडच्या पाहुण्याचा खर्च हिंदुस्थानातील गरीब शेतकऱ्याने का सोसावा, असा प्रश्न फॉसेट यांनी विचारला. अबिसीनियाच्या मोहिमेचा आणि पुढे अफगाण युद्धाचा बोजा हिंदुस्थानावर लादण्यासही त्यांनी विरोध केला. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चर्चा पार्लमेंटात अधिवेशनाच्या अखेरीस, बहुतेक बाके रिकामी झाल्यावर होत असे. फॉसेट अशा वेळी उभे राहत. हातात कागदाचा चिटोरा नसे. महसूल, कर्ज, सैन्याचा खर्च यांचे आकडे त्यांच्या तोंडून बिनचूक येत, कारण ते सारे त्यांनी ऐकून मुखोद्गत केलेले असत. 1871 साली हिंदुस्थानच्या अर्थकारणाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीत ते होते. याच समितीपुढे 1873 साली मुंबईचे दादाभाई नौरोजी आणि नवरोजी फर्दुनजी यांनी साक्षी दिल्या. हिंदुस्थानचा सभासद असे लोक फॉसेट यांना कौतुकाने म्हणू लागले. या देशात ते कधीही आले नव्हते. 1874 साली ब्रायटनला त्यांचा पराभव झाला, तेव्हा त्यांच्या पुढच्या निवडणुकीसाठी हिंदुस्थानातून वर्गणी जमवून पाठविण्यात आली. लवकरच लंडनमधील हॅकनी येथून ते पुन्हा निवडून आले.

स्वतःच्या देशात त्यांनी गायरानांसाठी जो झगडा दिला, तोही सांगण्यासारखा आहे. गावोगावची मोकळी माळराने कुंपणे घालून खाजगी करण्याची चाल तेव्हा जोरात होती. 1869 साली अशाच एका विधेयकाला त्यांनी जवळजवळ एकट्याने अडवून धरले. लंडनजवळचे एपिंग अरण्य जनतेसाठी राखले गेले, त्याच्या श्रेयातही त्यांचा वाटा मोठा आहे. जी वनश्री त्यांना दिसत नव्हती ती इतरांना पाहावयास मिळावी, यासाठी ते भांडत होते.

1880 साली ग्लॅडस्टन यांनी त्यांना पोस्टमास्टर जनरल नेमले. मंत्रिमंडळात मात्र त्यांना स्थान नव्हते. टपालखात्याकडे ते गरिबांच्या सोयीचे खाते म्हणून पाहत. पोस्टाच्या बचत बँकेत एक शिलिंगाहून कमी रक्कम ठेवता येत नसे, आणि मजुराच्या मुलापाशी एकदम शिलिंग कोठून असणार? फॉसेट यांनी एक कागद काढला. त्यावर एक एक पेनीची बारा तिकिटे सवडीने चिकटवावयाची आणि कागद भरला की तो बँकेत द्यावयाचा. 1881 साली पोस्टल ऑर्डर सुरू झाल्या, 1883 साली पार्सलांची टपाल सुरू झाली. पुढील टपाल केव्हा निघेल हे पेटीवर दर्शविण्याची सोय झाली आणि खात्यात स्त्रियांना अधिक जागा मिळू लागल्या. तारेचा दर सहा पेन्सांवर आणण्यासाठी ते झटत होते, पण तो प्रत्यक्षात उतरला 1885 साली, त्यांच्या मागे.

1882 सालच्या अखेरीस त्यांना घटसर्प आणि विषमज्वर यांनी एकाच वेळी गाठले. अनेक दिवस जगण्याची आशा नव्हती. मिलिसेंट व कुटुंबातील मंडळींनी अहोरात्र शुश्रूषा केली. ते बरे झाले आणि कामावर परतले, पण पूर्वीचा जोम राहिला नव्हता. 1884 सालच्या नोव्हेंबरात केंब्रिजला असता थंडीचे निमित्त झाले, छातीचा विकार बळावला आणि 6 नोव्हेंबर रोजी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ट्रंपिंग्टन या जवळच्या खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. त्यांचे वृद्ध पिता तेव्हा हयात होते. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना सांत्वनाचे पत्र लिहिले. ज्या सॅलिस्बरीच्या बाजारचौकात त्या पित्याने तरुणपणी वॉटर्लूचे वर्तमान वाचून दाखविले होते, त्याच चौकात लोकांनी हेन्री फॉसेट यांचा पुतळा उभारला. मित्रांपैकी लेस्ली स्टीफन या नामांकित लेखकाने 1885 साली त्यांचे चरित्र लिहिले.

मिलिसेंट तेव्हा अवघ्या सदतीस वर्षांच्या होत्या. त्या पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या अग्रणी झाल्या. फिलिपा न्यूनहॅम महाविद्यालयात गणित शिकू लागली. 1890 साली तिने तीच परीक्षा दिली, जीत तिचे वडील चौतीस वर्षांपूर्वी सातवे आले होते. स्त्रियांना त्या काळी पदवी मिळत नसे आणि त्यांचे क्रमांक पुरुषांच्या यादीत घालीत नसत. म्हणून निकाल वाचताना तिचे स्थान वेगळे सांगण्यात आले. ते होते पहिल्या रँग्लरच्याही वर.